अर्धं कलम

मंगळ. ४ नोव्हें.
सकाळी दोन पोलीस दारात. गावात विहिरींवरच्या मोटारी चोरीला चालल्यात, तुमचं घर बघायचंय म्हणाले. घरात पुरुषमाणूस नाही. मी भाकरी टाकत होते. हात पिठात. थोरल्या जाऊबाई, मंगलताई, पदर खोचून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "वारंट दाखवा आदी. न्हाई ना? मग भाईरच थांबा." दोघं एकमेकांकडं बघत गेले निघून.

माझंच वाक्य! परवा मेथी निवडताना मीच सांगितलं होतं त्यांना.

बुध. ५
जेवताना मामा, आमचे सासरे, थोरल्या सुनेचं कौतुक करून थकेनात. "मंगलला वकिलीला घालायला पायजे हुतं." मंगलताई नववी पास. परभणीला वकिलीचं एक वर्ष मी केलंय. लग्न ठरलं नि शिक्षण सुटलं, कायद्याचं पुस्तक अजून पेटीत आहे. हे मामांशेजारी बसून हसत होते. नवरा असून!

ताई म्हणाल्या, "सुषमानंच सांगितलं हुतं की मला." कोणी ऐकलंसुद्धा नाही. आणि राग आला तो ताईंचाच. त्यांनी मोठं मन तरी कशाला दाखवावं? जळले मी. स्वतःच्या वहीत लिहायला कसली लाज.

रवि. ९
बचत गटाची बैठक. ताईंना खुर्ची, मी सतरंजीवर, तिसऱ्या ओळीत. ताई ठसक्यात म्हणाल्या, "वारंट नसलं की पोलिसाला घरात पाय टाकता येत न्हाई. कोनीबी येऊ द्या, दार लावून घ्यायचं!" टाळ्या. कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतलं.

चूक आहे हे. मेथीच्या वेळी मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरी अशी: वॉरंट आणेपर्यंत माल हलेल असं तपास करणाऱ्या साहेबाला वाटलं, तर तो कारण लेखी नोंदवून, दोन पंच घेऊन, वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. नवा कायदा आला, कलमाचा आकडा बदलला, गोष्ट तीच. आता झडतीचं चित्रणही करावं लागतं.

हात वर करायचा होता. नाही केला. बोलू देत म्हटलं, कधीतरी तोंडावर पडतील. हे असंच मनात आलं होतं.

सोम. १०
ताईंचा व्हिडिओ गावभर. दळण आणायला गेले तर गिरणीवाला म्हणतो, "वकीलबाईची जाऊ ना तुमी?"
वकीलबाईची जाऊ!!

गुरु. १३
दुपारी पालमहून फोन. ताईंचा धाकटा भाऊ दिगंबर, त्याला पोलिसांनी नेलं. तिकडंही मोटारींचाच तपास. फौजदार आले ते लेखी कारण, दोन पंच, सगळं घेऊन. यानं बहिणीचा व्हिडिओ बघितलेला. दार लावून घेतलं, पोलिसांनी कडी काढायला लावली तर आडवा उभा राहिला, शिपायाला ढकललं. सरकारी कामात अडथळा.

घरात काही सापडलं नाही. पंचनाम्यात तसंच लिहिलंय म्हणे. नुसतं दार उघडलं असतं तर पोलीस बघून गेले असते.

ताई ओसरीवर बसून एकच म्हणतायत, "वारंट नव्हतं की. नव्हतं की वारंट." जेवल्या नाहीत. मीही नाही. मला बरं वाटायला हवं होतं ना?

शुक्र. १४
मामा नि हे सकाळच्या एसटीनं पालमला गेले. घरात आम्ही दोघीच.

ताई माझ्या खोलीत आल्या. कधी येत नाहीत. पेटीवर बसल्या, पुस्तक आहे त्याच पेटीवर.
"सुषमा, तू तर शिकलेली हायेस. बैठकीत मी बोललेलं बरोबर हुतं का गं?"
मी चादरीची घडी घालत राहिले.
"चुकलं असंल तर मला सांग. तू हुतीस की तिथं. चुकलं असतं तर तू बोलली असतीस, म्हून मी आपली बिनघोर ऱ्हायले."

म्हटलं, "पुस्तकात बघून सांगते."
"बघ बाई. मी च्या ठिवते तवर." उठल्या, जाताना पेटीचं झाकणही उघडून दिलं.

पुस्तक मांडीवर आहे. उघडलेलं नाही, ते पान मला तोंडपाठ आहे. त्याच्यावर वही ठेवून हे लिहितेय. आत कपबश्या वाजल्या. येतायत