ओठाचा उजवा कोपरा

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलंय, पत्राची रीत आहे म्हणून. तुम्ही असतात तर हे वाचून ओठाचा उजवा कोपरा वर उचलला असतात आणि म्हणाला असतात, "वा, छान!" नाही आहात, तेवढंच एक बरं.

आज लिहितेय, कारण उद्या आई गुहागरला चालली आहे. कायमची. तिचा इथला, आखातातला व्हिसा तुमच्या नोकरीवर होता. तुम्ही गेलात, तोही गेला. तुमच्या अस्थी तिने लाल कापडात बांधून हातातल्या पिशवीत ठेवल्यात. मोठ्या बॅगेत टाकायला तयार नाही. जन्मभर तुम्ही तिला माणसांत धरलं नाहीत, आणि ती तुम्हाला मांडीवर घेऊन निघाली आहे!

सकाळी कपाट आवरता आवरता ती गुणगुणत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मीनू, ह्यांचा तो शेवटचा 'छान' खरा होता ना गं?"

माझ्या हातात तुमची मापाची टेप होती. मी ती गुंडाळत राहिले. 

मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ("वा, छान! साहेबांची भाषा कोकणातली पोर शिकवणार!") दरवर्षी मुलांना आयरनी आणि सार्कॅझम यांतला फरक सांगावा लागतो. मी सांगते, सार्कॅझम माणूस करतो, समोरच्याला लागावं म्हणून. आयरनी कुणी करत नाही, ती घडते, आणि ज्याच्या वाट्याला येते त्या माणसाला ती सगळ्यात शेवटी कळते. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅम, रिअल लाइफमधलं एग्झाम्पल?" मी पुस्तकातलंच दिलं. खरं उदाहरण सीबला आमच्या घरी पलंगावर पडलं होतं.

काय जीभ होती तुमची! सीबच्या जुन्या सूकमध्ये, भर बाजारात, डिशडाशा म्हणजे अरबांचे पायघोळ झगे शिवण्याच्या दुकानात तुम्ही मास्टर. कारागिराने शिवलेला झगा उजेडात धरायचा, गळ्यावरच्या गोंड्याला बोट लावायचं, आणि ओठाचा तो कोपरा उचलून म्हणायचं, "छान!" शिवी नाही, आवाज चढवणं नाही. राजापूरचा हमीद सांगतो, "मास्टरांनी कानाखाली दिली असती ना, तर बरं वाटलं असतं. 'छान' ऐकलं की दुपारचं जेवण जात नसे." बिचारा मुकाट्याने शिवण उसवायला बसायचा.

आणि दुकानाचा अरब मालक, आपला अर्बाब! त्याला मराठीचा गंध नाही. त्याने काय बघितलं? मास्टर कामगाराला छान म्हणतो आणि कामगार जाऊन दुप्पट मन लावून शिवतो. त्याला वाटलं, ही शाबासकी. वा, काय माणूस! मग तोही म्हणायला लागला. हमीदला छान, गिऱ्हाइकाला छान, शेजारच्या खजूरवाल्याला छान. तुमचा विखारी शब्द तो म्हातारा सूकभर साखरेसारखा वाटत फिरला, आणि तुम्ही मिशीत हसत राहिलात. घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचात. आम्हीही हसायचो. न हसून करणार काय?

पण हमीद निदान सुटी झाली की घरी जायचा. आई कुठे जाणार?

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती एकदा गायला उभी राहिली होती, आठवतं? तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. हिरवी साडी नेसली होती, आणि आवाज आधी थोडा कापत होता, मग लागला. काय लागला! हॉलमध्ये पोरंसुद्धा गप्प बसली होती. ओवी संपली, टाळ्या पडायच्या आत तुम्ही मागच्या खुर्चीवरून म्हणालात, "वा! छान!" त्या सुरात. सगळा हॉल हसला. ती स्टेजवरून उतरली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि प्रसादाचे द्रोण भरायला लागली. त्यानंतर ती घरात, मोरीत, एकटी असतानासुद्धा गायली नाही. तुम्हाला जेवणात मीठ कमी झालेलं कळायचं. बायकोचा आवाज बंद झालेला कळला नाही?

मग तुमच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवं अंग गेलं. कात्रीचा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी एखादा शब्द मागे राहतो, जन्मभर सगळ्यात जास्त वापरलेला. तो आपोआप येतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. आम्ही पलंगाभोवती उभे. तुम्ही डोळे उघडलेत, घशातून खूप खरखर काढलीत, आणि म्हणालात, "छान."

मला हसू फुटलं, अण्णा. खोटं कशाला बोलू? एवढ्या मोठ्या शब्दकोशातून देवाने तुमच्यासाठी नेमका तोच ठेवला.

तहान लागली, छान. पाठ दुखली, छान. ओलं झालं, छान. केरळची ती सिस्टर मला म्हणाली, "आपके फादर कितने स्वीट हैं! हर इंजेक्शन पे छान बोलते हैं. मीनिंग गुड है ना?" मी म्हटलं, "हां सिस्टर, व्हेरी गुड."

अर्बाब भेटायला यायचा. खुर्ची ओढून तुमचा डावा हात हातात घ्यायचा. तुम्ही म्हणायचात छान, तो म्हणायचा, "छान, मास्टर, छान, इन्शाल्ला." अर्धा अर्धा तास. तुमच्याशी नीट बोलता येणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तोही तुम्ही ज्याची टर उडवलीत तो. तेराव्याला येऊन तो आईला म्हणाला, "मास्टर बहुत अच्छा आदमी. कभी किसी को गाली नहीं दिया. हमेशा छान बोला." हमीद शेजारी उभा होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मी तुमची परीक्षासुद्धा घेतली. आई आंघोळीला गेली की मी पलंगाशी यायचे. "अण्णा, तुम्ही आईचं गाणं मारलंत." छान. "तुम्हाला कुणीच घाबरत नाही आता." छान. डोळ्यांतून पाणी यायचं तुमच्या. पण उजवा डोळा आजारानंतर सारखाच गळायचा, त्यामुळे तेही खरं धरता येईना. मला लाज वाटत नाही याची. तुमच्याकडूनच शिकले मी.

आई मात्र वेगळ्याच जगात होती. मऊ भात कालवून भरवायची, तुम्ही म्हणायचात छान, आणि तिचा चेहरा फुलायचा. एक दिवस भरवता भरवता तिच्या तोंडून ओवी निघाली. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. ओवी संपली आणि तुमचा आवाज आला, "छान." मी धावत बाहेर आले, म्हटलं, आता परत मरणार हिचं गाणं. तर ती हसत होती. रोज गायला लागली मग. शेवटच्या सकाळीही गायली, तुम्ही छान म्हणालात, आणि तासाभराने गेलात.

या वेळी तिचं गाणं कशामुळे मेलं नाही, ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुमचा सगळा उपरोध ओठाच्या त्या उजव्या कोपऱ्यात राहायचा. तो कोपरा लुळा पडला होता, वर उचलला जात नव्हता. शब्द नुसताच बाहेर पडायचा, सरळ. मनातून यायचा की नाही, कोण जाणे. तुम्हालाच विचारलं असतं तर काय म्हणाला असतात, सांगायला नको.

म्हणून आज सकाळी टेप खाली ठेवून मी आईला म्हटलं, "हो गं आई, खरा होता."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ह्यांच्यासारखं तोंड नको करूस."

"अगं, मी मनापासून सांगतेय!"

"असू दे."

कपाटाच्या आरशात मी दिसत होते. ओठाचा उजवा कोपरा वर गेलेला. मी नेला नव्हता, अण्णा! आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या बाजूने बोलायला गेले, आणि तुमचंच तोंड आडवं आलं. घर नाही, जमीन नाही, हे एवढंच ठेवून गेलात माझ्यासाठी. नववीच्या त्या मुलीला आता द्यायला उदाहरण आहे माझ्याकडे.

त्यानंतर आई गायलेली नाही. दुपार झाली, सूक बंद आहे, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि आतल्या खोलीत ती नुसती घड्या घालतेय.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तसा गैरसमज नको. पण उद्या विमानतळापर्यंतच्या रस्त्यात मी आईला ओवी म्हणायला लावणार आहे. नाही म्हणेल, तरी मी हट्ट धरणार. तुम्ही तिच्या मांडीवर असाल, ऐका. ती संपली की मी तोच शब्द म्हणणार. गाडी बाजूला थांबवून, तिच्याकडे तोंड करून, तिने आधी ओठ बघावा आणि मग शब्द ऐकावा म्हणून. आत्ता हे लिहून झालं की मी आरशासमोर उभी राहणार आहे. जमेपर्यंत.

तुम्हाला तो शब्द नीट म्हणायला अर्धं तोंड मरावं लागलं. मी जिवंत तोंडाने म्हणून दाखवीन, हे वचन.

तुमचंच तोंड घेऊन आलेली,
मीनू