प्रिडमोर शिखराची उंची

१४ नोव्हेंबर १९५६
दक्षिणेला शिखर दिसलं! अणकुचीदार, एकटं, नकाशात कुठेच नाही. दहा हजार फूट तरी असावं. नाव : प्रिडमोर शिखर. कानाला बरं वाटतं. अडचण एकच. सर्व्हेअरला स्वतःचं नाव सुचवता येत नाही, दुसऱ्याने सुचवावं लागतं. आणि या अख्ख्या बर्फात दुसरा माणूस म्हणजे गेडिस, आमच्या स्लेजचे कुत्रे सांभाळणारा. उद्यापासून त्याच्याशी गोड वागणे.

१५ नोव्हेंबर
हिमवादळ. तंबूत अडकलो. गेडिसच्या बायकोच्या गोष्टी ऐकल्या. सगळ्या. माझं चॉकलेटही त्याला दिलं. म्हणाला, "बरा आहेस ना रे?"

१७ नोव्हेंबर
वादळ तसंच. सहज म्हणालो, शिखराला एखाद्या सर्व्हेअरचं नाव शोभेल. तो म्हणाला, "मेगचं शोभेल." मेग म्हणजे आमची सर्वांत पुढची कुत्री. "तिने ओढत आणलंय. तू नुसता बसला होतास!"
भांडलो. मग एकमेकांकडे पाठ करून पडलो. पाठीला पाठ लागतेच. तंबूच तेवढा.

२० नोव्हेंबर
गेडिसने वायरलेसवरून तळावर कळवलं, नाव प्रिडमोर असावं. मग माझ्याकडे वळून, "झालं समाधान? आता ते सुस्कारे बंद कर. उघडलं की मागे फिरायचं. कुत्र्यांचं खाणं संपत आलंय." कबूल केलं. डोळ्यांत पाणी आलं. स्टोव्ह फार धुरकट आहे.

२३ नोव्हेंबर
लख्ख उघडलं. शिखर दिसत नाही. हवा जरा जास्तच स्वच्छ आहे, त्यामुळे असेल. गेडिस म्हणाला, निघू. मी म्हणालो, उंचीशिवाय नाव पक्कं होत नाही, एकच दिवस थांबू. तो स्वतःची बिस्किटं मेगला चारत होता.

२४ नोव्हेंबर
पुन्हा वादळ. माझा अंदाज नव्हे, हवामान चुकलं. रॉकेल वाचवायचं म्हणून चहा बंद. गेडिसचं बोलणंही बंद.

२५ नोव्हेंबर
मेग उठेना. गेडिसने तिला आत आणलं. मी तिला माझ्या स्लीपिंग बॅगेत घेतली. थरथरत होती. माझी बिस्किटं दिली. आधी माझा हात चाटला, मग खाल्ली. गेडिस बघत होता. मी शिखराचा विषय काढला नाही.

२७ नोव्हेंबर
उघडलं. मेग उभी राहिली. आणि शिखर दिसलं! उंची मोजायचा थिओडोलाइट लावला, भिंग नीट केलं. ऊन चढलं तसं शिखर बुडाशी बर्फापासून सुटलं, वर तरंगलं, आडवं पसरलं आणि विरलं. मागे सपाट बर्फ, क्षितिजापर्यंत. थंड हवेने दाखवलेला भास. दुसरं काही नाही.
गेडिसनेही भिंगातून पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
"चल बाबा," म्हणाला, "घरी जाऊ." स्लेज भरली. तेवढ्यात तळावरून वायरलेस आला : नकाशावर प्रिडमोर शिखर घालतोय, उंची कळवा.
मी म्हणालो, "शून्य."
तिकडून उत्तर आलं, "शून्याच्या आधीचे आकडे ऐकू आले नाहीत. पुन्हा सांगा."