खारीला भीती शिकवताना

आई, यंदा आमच्या घरात एक खार होती आणि तिच्यापायी तू मला रोज आठवत होतीस. हसू नकोस. खारीची तुलना तुझ्याशी करत नाही, तेवढी हिंमत अजून आलेली नाही.

मार्च लागला तसा मी कूलर साफ करायला घेतला. अमरावतीचं ऊन अकोल्यापेक्षा कमी, असं इथले लोक म्हणतात, आणि तेही कूलरसमोर बसून. आमचा कूलर हिवाळाभर मागच्या अंगणात पडून होता. त्याच्या बाजूंच्या जुन्या ताट्यांतलं गवत मी न बघता उपसलं आणि त्याच्या गोळ्याबरोबर खारीची तीन पिल्लं फरशीवर पडली. डोळेसुद्धा न उघडलेली, बोटाएवढी. त्यांची आई संध्याकाळपर्यंत भिंतीवरून ओरडत राहिली, पण मी, बायको आणि पोरगी तिघंही तिथंच घोळका करून उभे. ती खाली उतरणार कशी? हे शहाणपण मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तोवर दोन पिल्लं गेली होती. तिसरं माझ्या अकरा वर्षांच्या पोरीनं ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजून जगवलं. ही तुझी नात, तू गेल्यावर झालेली.

दोन महिन्यांत खार घराची मालकीण झाली. जिभेनं टिकटिक केलं की पडद्यावरून थेट खांद्यावर. माझी बायको धामणगावची. "एवढे लाड तं माहे माहेरीबी झाले नाही," असं म्हणायची आणि शेंगा सोलून द्यायला पुन्हा तीच पुढं. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं, ही घरात ठेवायची वस्तू नाही, झाडावर गेली पाहिजे. पण एकदम सोडाल तर दोन दिवसही टिकणार नाही.

तेव्हा मला तुझ्या वर्गातली ती लाकडी खुर्ची आठवली. पहिलीत नवीन आलेलं पोर रडायला लागलं की तू त्याच्या आईला वर्गातच खुर्ची द्यायचीस. दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची दारात, मग व्हरांड्यात, मग पार बाहेर फाटकाजवळ. आठवड्याच्या शेवटी खुर्ची रिकामी असायची आणि पोर पाटीवर रेघा ओढत असायचं. "लपून जाऊ नका, सांगून जा," हेही तू प्रत्येक आईला बजावायचीस. माझी मात्र पंचाईत होती, कारण माझी आई फळ्यासमोरच उभी. मी सहा वर्षांचा आहे, तुझा पदर मुठीत धरून रडतो आहे, आणि तू एकेक बोट सोडवते आहेस. "काहून रडून राहिला? इथं मी तुही आई नाही, बाई आहो. पाटीकडं पाह्य." सगळा वर्ग बघतो आहे. त्या वाक्याचा राग मी किती वर्षं धरून बसलो, ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्यासाठी सरकवायला खुर्चीच नव्हती, जागच्या जागी उभं राहून तुला लांब जावं लागलं, हे मला आत्ता, पन्नाशीला टेकल्यावर कळतं आहे.

तर आम्ही खुर्चीऐवजी पिंजरा सरकवला. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत, मग ओट्यावर, मग सीताफळाखाली, शेवटी कडुनिंबाच्या बेचक्यात, दार उघडं ठेवून. बायकोनं दाणे मातीत नि सालीच्या भेगांत लपवून ठेवले, म्हणजे शोधून खायची सवय लागावी. खार सगळं झटपट शिकली. एकच गोष्ट तिला येत नव्हती, ती म्हणजे भिणं. एका सकाळी शेजारचा बोका भिंतीवर बसलेला, आणि आमची बाई शेपूट उभारून त्याच्याकडे निघालेली, जशी काही आता त्याच्याही खांद्यावर बसणार. पोरीनं चप्पल फेकली म्हणून वाचली. पोरगी पांढरी पडली होती, पण बोलली ती शांतपणे.

"बाबा, तिले भेवच नाही. आपण कोण अन् मांजर कोण, तिले काय समजते? आजपासून कोणी तिले हाक नाही मारायची. हातानं चारायचं नाही. जवळ आली का थाळी वाजवायची."

आणि तिनंच वाजवली. खार सवयीनं तिच्या पायाशी आली आणि पोरीनं तिच्या कानाशी थाळी बडवली. खार दचकून मागं सरली, थांबली, पुन्हा पुढं आली. पोरीची हनुवटी थरथरत होती. मी म्हटलं, "आज राहू दे ना." तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुमी आत जा." आई, मी मुकाट्यानं आत गेलो. तुला न पाहिलेली पोर, आणि आवाज थेट तुझा. मला तिचा इतका अभिमान वाटला की स्वयंपाकघरात उगाच दोन ग्लास पाणी प्यालो.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी कडुनिंबावरून एकसारखा चिर्रचिर्र आवाज सुरू झाला. खाली बोका, वर आमची खार, शेपटीला झटके देत ओरडते आहे. मग बाजूच्या झाडावरच्या खारीही ओरडायला लागल्या. बोका कंटाळून निघून गेला. आम्ही तिघं दारात उभे, आत पिठलं करपलं. पोरगी एवढंच म्हणाली, "शिकली," आणि गृहपाठाला बसली. मी मात्र दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठच्या कारखान्यात अख्ख्या पाळीला ही गोष्ट ऐकवली, काहींना दोनदा.

आता शेवटचं. गेल्या रविवारी माय-लेकी बाजारात गेल्या होत्या. मी हातात दाणे घेऊन कडुनिंबाखाली गेलो आणि जिभेनं टिकटिक केलं. एकदाच नाही, बराच वेळ. ती खोडावरून अर्ध्यापर्यंत उतरली, माझ्याकडे नीट बघितलं आणि बोक्यावर ओरडली होती तशीच माझ्यावर ओरडून वर निघून गेली. बरं झालं, असं मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं. दाणे मीच खाल्ले. पोरीला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे.