जेबाचा निकाहनामा

मूर्तिजापूर, १२ ऑगस्ट २०२५

जेबा बेटी,

आज सकाळी तुझा फोन आला. आठवा महिना लागला, तरी तिथला सरकारी दवाखाना निकाहनामा पाहिल्याशिवाय परदेशी बायकोचं नाव बाळंतपणासाठी लिहून घेत नाही, म्हणालीस. "अब्बाले फोन दे. पाकीट कावून नाही टाकलं अजून?"

मी म्हटलं, झोपलेत.

तुझे अब्बा गेल्या शुक्रवारी वारले. तेच पाकीट घेऊन गेले होते, पोस्टाच्या पायरीवर कोसळले. हे तुला बाळंतपणानंतर सांगेन. तोवर हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीत राहील.

शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "मालक गेल्यावर इद्दतीचे चार महिने घरातच राहा लागते ना, बाहेर कावून निघता, नईमाबी? मी टाकतो ना." पण तो कागद दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव धजत नाही.

आता बुरखा घालते, तुझ्या अब्बांचीच छत्री घेते आणि पोस्टात जाऊन येते.

तुझी अम्मी