तांबड्या थराचं अस्तर

आबा, गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नगरच्या एका गारेगार बैठकीच्या खोलीत, माझ्या आराखड्यातलं काँक्रीटचं अस्तर लाल पेनाने खोडण्यात आलं. खाली माझी सही मात्र तशीच ठेवली. निवृत्त सल्लागार बाईची सही, असायला काय हरकत आहे!

शहराच्या सांडपाण्याच्या बोगद्यात उतरायला जी खोल विहीर खणतात, तिला आम्ही शाफ्ट म्हणतो. तुम्ही जन्मभर विहिरीच खणल्यात. फक्त तुमच्या विहिरीला पाणी लागावं आणि आमच्या शाफ्टला लागू नये, एवढाच फरक. या शाफ्टमध्ये वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मध्ये दीड मीटर तांबडा थर. तो ढासळू नये म्हणूनच मी अस्तर घातलं होतं. तरुण साहेब म्हणाले, "मॅडम, नमुना बघा ना, दगडच आहे." मी तो तुकडा त्यांच्याच पाण्याच्या ग्लासात टाकला. चहा येईपर्यंत त्याचा गाळ झाला. "शाफ्टमध्ये ग्लास कुठे असतो?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी म्हटलं, पाणी असतं, आणि माणसं असतात.

ही परीक्षा तुमची. सोनई गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पंच्यात बांधून आणलेलं ढेकूळ आईच्या वाटीत बुडवून जेवायला बसता. आई ओरडतेय, "वाटी कालवणाची हाय, चिखलाची न्हाई!" मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, पुस्तकात याला खडकच म्हटलंय असं ठसक्यात सांगतेय. तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "पुस्तक विहिरीत उतरतंय व्हय? मानसं उतरत्यात."

जामखेडकडच्या विहिरीतलं ढेकूळ असंच विरघळलं, तेव्हा मालक त्या थराला आतून दगडी बांधकाम करायला तयार होईना. दुसरा मिस्त्री आणतो म्हणाला. तुम्ही सामान गुंडाळून घरी येऊ शकला असता. पण तो कबूल होईपर्यंत दोन दिवस काठावरून हलला नाहीत.

मी मात्र घरी आले, आबा. येऊन पत्र लिहिलं, ते एवढंच, की माझी सही काढा. भाषा अशी सुबक की सिस्टरांनी शाबासकी दिली असती. पाकीटही चिकटवलं होतं. सही निघाली असती आणि माणसं उतरलीच असती, हे कळायला मला, या वयात, दोन दिवस लागले.

ते फाडलं. तुम्ही तर केव्हाच गेलात, तुम्हाला हे कुठे पाठवणार? नगरच्या साहेबांना मात्र आज नवं पत्र जातंय. अस्तर आराखड्यात परत घ्या. तोवर तांबड्या थराखाली एकही माणूस उतरवू नका. उत्तर लेखी हवं, सहीशिक्क्यासह, येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. फोन चालणार नाही.