आमच्या मजल्यावरची फुली

काळाचौकी,
१२ एप्रिल

आदरणीय माधवराव,

तुम्हां उभयतांना आम्हां दोघांचा नमस्कार. तुमचा गुडघा सध्या शिवाजी पार्कला किती फेऱ्या मारू देतो ते कळवा. विहीणबाईंची शुगर आटोक्यात असेल असं धरून चालतो (परवा फोनवर बोलताना त्यांच्या तोंडात पेढा होता, पण मी काही ऐकलं नाही). पत्र पाहून चकित व्हाल. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि हा मजकूर आपल्या दोघांतला आहे.

विषय आपल्या नातीचा. गेल्या मे महिन्यात मेघना आमच्याकडे आठ दिवसांसाठी आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून बसली. म्हणाली, "दादरच्या आजोबांकडे आम्ही प्रोग्रॅमिंग करतो. इथे करायचं काय?" तुम्ही इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, मी जन्मभर गोदीत पेट्या मोजलेला माणूस. तुमचा राग आला नाही (थोडा आला, खोटं कशाला बोलू), पण वाईट फार वाटलं. यंदा तिला आठही दिवस राहावंसं वाटलं पाहिजे, असं मनाशी ठरवलं आणि जानेवारीत आमच्या मंडळाच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी जो कंप्युटरचा वर्ग निघाला, त्यात पहिलं नाव माझं घातलं. शिकवणारी प्रिती शेजारच्या चाळीतली. नोकरी सांभाळून दर रविवारी येते आणि आम्हा बारा पेन्शनरांवर एकदाही ओरडत नाही, म्हणजे मुलीची सहनशक्ती बघा.

तिने प्रत्येकाच्या हातात काडेपेटीएवढी एक पाटी दिली. तिच्यावर पाच ओळींत पंचवीस बारके दिवे. कंप्युटरवर रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे, ते वायरीने पाटीत उतरवायचे, की पाटी सांगाल तसं दाखवते. बटण दाबलं की बदाम, हलवलं की हसरा चेहरा. पहिला बदाम मी रखमाला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "आता हेच्यार भाकरी भाजाक येतली काय?" चाळीस वर्षांच्या संसारात दुसरी अपेक्षा नव्हती.

मग म्हटलं, काहीतरी उपयोगाचं करू. आमच्या मजल्यावर दोन संडास, त्यातला एक होळीपासून बंद. सकाळी आपली बादली रांगेत ठेवायची आणि उभं राहायचं, दार ठोठावून "आत कोण?" विचारायचं नाही, हा आमच्याकडचा जुना शिष्टाचार. मी पाटी दाराला बाहेरून बांधली. एरवी बरोबरची खूण. दार हललं की फुली. फुली दिसली तर दाराला हात लावायचा नाही, असं आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगून आलो (दोन ठिकाणी चहाही झाला).

सकाळी बाकी मजला उठायच्या आत पहिली रखमा गेली. दार हललं, फुली आली. ती बाहेर आली, दार पुन्हा हललं, पुन्हा फुलीच, आणि ती तशीच राहिली. दाराला स्प्रिंग असल्याने ते आपोआप मिटलं. आणि मग माधवराव, अकरा माणसं त्या फुलीसमोर पस्तीस मिनिटं उभी राहिली. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण आत अप्पा असणार अशी सगळ्यांची खात्री. अप्पा मजल्यावर सर्वांत वडील आणि आत पेपर घेऊन जातात. दिवसभर तोंड लपवावंसं वाटलं ते पुढच्या प्रकाराने. रखमा जिन्याकडे गेली, तर वळणापलीकडे रांगेच्या शेवटी पेपर घेऊन स्वतः अप्पा उभे!

"अप्पानू, तुमी हंय? मगे आत कोण आसा?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "मी मगाधरना त्याचोच इचार करतंय."

प्रितीने नंतर सांगितलं, "काका, पाटीला आठवत नाही ना. कोणी आत गेलं की बाहेर आलं, हे लक्षात ठेवायला तुम्ही सांगितलंच नाहीत." आता ती दुरुस्ती करायला बसलो आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही.

पत्र लांबलं. विहीणबाईंना आमचा नमस्कार सांगा; पत्र दाखवू नका.

तुमचा व्याही,
दौलत

ता. क. : मेघनाची परीक्षा तीस तारखेला संपते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः न्यायला येतो. नाही म्हणू नका.

ता. क. २ : दुरुस्तीबद्दल वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. ती मला गेल्या शनिवारीच जमली. प्रितीने तपासली आणि चक्क टाळी दिली. पण मी ती पाटीत उतरवलेली नाही. पाटी चुकीसकट दारालाच आहे. तेव्हा हात जोडून एकच मागणं : यातलं एक अक्षरही मेघनाला तुम्ही आधी शिकवू नका. तिला इथे येऊन चूक शोधू दे. मजल्यावर सगळ्यांना विचारून झालं आहे; ती येईपर्यंत लोक दार ठोठावून आत जायला तयार आहेत.