चौथ्या ताटलीतली नाशपती

प्रिय वहिनी,

इथल्या नाशपतीच्या बागेतली तोडणी संपली की पहिल्या गाडीने निघतो आणि कायमचा येतो, असं दादाला फोनवर सांगितलं होतं. तोडणी संपून आठ दिवस झाले आणि मी अजून इथेच. दादा तुझ्यावर डाफरत असेल. पण आधी इथल्या जत्रेचं ऐक. माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुला तरी कळेल, मला काही कळेनासं झालंय.

शेवटची पेटी भरली की इथले सगळे बागवाले मैदानात जमतात. मांडव, गाणी, पोरांच्या शर्यती आणि मधोमध लांब टेबलावर ज्याची त्याची नाशपती. कोणाची ते कळू नये म्हणून ताटल्यांना नुसते आकडे. चव घेऊन नंबर लावायला असा माणूस लागतो, ज्याचं स्वतःचं एकही झाड नाही. म्हणून आम्हा तोडणीवाल्यांच्या चिठ्ठ्या टाकतात. निघाली माझीच. आमचा ट्रकवाला ओरडला, "याला काय विचारता, हा कच्चं-पिकलं सारखंच गिळतो." सगळं मैदान हसलं. मीही हसलो.

चौथी ताटली आमच्या मालकीणबाईंची, हे मी बघताक्षणी ओळखलं. देठ जरा लांब ठेवून तोडायची माझी सवय, आपल्या हातचं काम लपत नाही. सात वर्षं पहिला नंबर बाईंचाच. मी फोड तोंडात टाकली. वरून सोन्यासारखी, पण गाभ्याशी रवाळ, मऊ पडलेली. नाशपती झाडावर पिकू द्यायची नसते गं. कडक असतानाच काढायची, मग ती घरात पिकते. झाडावर राहिली तर आतून बिघडते. जत्रेची फळं बाईंनी मला सोमवारी काढायला सांगितली होती. सोमवारी मी स्टँडवर घरच्या गाड्यांची चौकशी करत हिंडत होतो. काढली गुरुवारी. म्हणजे चूक माझी आणि नंबर लावणारा पण मीच.

पहिला दिला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण हात होईना. सातव्या ताटलीला पहिला दिला, चौथीला दुसरा. का, ते विचारू नकोस. शाळेत मास्तरांना मी खुशाल फसवायचो, तुला माहीतच आहे.

परत येताना ट्रकमध्ये बाई शेजारीच होत्या. मीच सांगून टाकलं, सोमवारचं, स्टँडचं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ठाऊक आहे. मी चाखूनच ताटलीत ठेवली होती." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी छाटणीची कात्री, नवी धार लावलेली. मला वाटलं, आता निघ म्हणतायत. ट्रकवाल्याला विचारलं तर म्हणाला, "गाढवा, फळं कोणीही तोडतं. फांदीला बाई घरच्यांशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत. राहा म्हणतायत त्या." भर मैदानात जिचं नाक मी कापलं, ती मला ठेवून घेते. हे कसलं गणित, तू सांग.

तेव्हापासून रोज उठून बॅग भरतो आणि मग बागेत जाऊन वाळक्या फांद्या काढत बसतो. चार नोकऱ्या सोडल्या तेव्हा असं झालं नव्हतं. पाय आपले आपण निघायचे.

हे पत्र दादाला न लिहिता तुला लिहितोय ते एवढ्यासाठी. त्याने माझ्यासाठी वेल्डिंगचं दुसरं मशीन बसवलं, दुकानाच्या पाटीवर 'आणि बंधू' रंगवून घेतलं, हे गेल्या आठवड्यात तूच फोनवर सांगितलंस. मी राहतोय, हे त्याला माझ्याच्याने सांगवत नाही. तू सांग, जेवण झाल्यावर, हातात चहा असताना. पुन्हा पळाला म्हणेल. या वेळी पळत नाहीये, हे त्याला पटायचं नाही. मलाच अजून धड पटलेलं नाही. पाटी मात्र एवढ्यात पुसू नको म्हणावं.

तुझाच,
धाकटा दीर